कसं गेलं?

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यात, काठापासून चारेकशे मीटर आत, जूनमधल्या एका सकाळी आमच्या रबरी बोटीचे इंजिन बंद पडले. पाऊस अजून लागला नव्हता, पण ब्रह्मगिरीच्या बाजूने ढग यायला लागले होते आणि वारा पश्चिमेकडून चांगलाच सुटला होता. धरणाचे पाणी बरेच उतरलेले होते, काठावर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि पाण्यालगतच्या ओल्या गाळाचा तो जड वास पेट्रोलच्या वासात मिसळून बोटीपर्यंत येत होता. बोटीत आम्ही चौघे होतो. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या गावांत मदतीला जाणाऱ्या आमच्या छोट्या गटाचा, रीतसर परवानगी काढून केलेला, पावसाळ्यापूर्वीचा तो सराव होता आणि हँडलवर त्या दिवशी मी बसलो होतो. बोटीच्या पाठीला अडकवायचे २५ अश्वशक्तीचे, दोन स्ट्रोकचे इंजिन. बचावाच्या कामातली सगळी माणसे त्याला ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात. सात-आठ मिनिटे ते सुरेख चालले आणि मग बंद पडले. त्या क्षणाबद्दल याहून अधिक मला सांगता येत नाही, आणि गेले वर्षभर मनात सलत राहिले आहे ते नेमके हेच.

पुढचे सगळे मात्र स्पष्ट आठवते. मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. चोक ओढून पाहिला, परत आत ढकलला, पुन्हा ओढला. वीस-पंचवीस वेळा ओढल्यावर उजव्या तळहाताची कातडी सोलली गेली. पेट्रोलचा वास इतका दाटला की पुढे बसलेल्या मुलाने नाकाला रुमाल लावला. एक प्लग काढून पुसला आणि तो परत बसवताना माझी बोटे थरथरत होती. वारा बोटीला आडवी करून हळूहळू ढकलत होता. बोटीच्या फुगीर कडेवर लाटांचे हलके, ओले फटके बसत होते. पंधराएक मिनिटांनी इंजिन एकदम सुरू झाले, आम्ही ओरडलो, तोंड काठाकडे वळवले, आणि तीन मिनिटांत ते पुन्हा गेले. मग आम्ही वल्ही काढली. शांत पाण्यात, उजेडात, वाऱ्याविरुद्ध चारशे मीटर वल्हवत यायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात बोटीत कोणीही बोलले नाही.

काठावर चाचा एका दगडावर बसून चहा पीत होते. चाचा मूळचे कोकणातले. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षे मासेमारी होड्यांची इंजिने दुरुस्त केली आणि मुलगा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागल्यावर ते नाशिकला आले. आमच्या गटाची इंजिने तेच पाहतात. त्यांनी कप खाली ठेवला, बोटीजवळ आले आणि एकच प्रश्न विचारला. “मास्तर, कसं गेलं?”

“बंद पडलं,” मी म्हणालो.

“बंद पडलं ते दिसतंय. कसं गेलं?”

मला उत्तर देता आले नाही. झटक्यात गेले की हळूहळू, आधी आवाज वाढला की बसला, धूर काय होता, पाण्याची धार पडत होती की नव्हती, हँडलला थरथर जाणवली का, यातले काहीच मी पाहिले वा ऐकले नव्हते. पुढे बसलेला मुलगा चाचरत म्हणाला, “आधी दोनदा आचके दिले, चाचा, मग गेलं.” चाचांनी मान हलवली, टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायला जो रबरी बल्ब असतो, तो हातात घेतला, तो दाबलेल्या आंब्याच्या सालीसारखा चपटा झाला होता. मग त्यांनी टाकीच्या झाकणाची एक फेर सैल केली. फुस्स असा आवाज करीत हवा आत शिरली आणि टाकीची आत ओढली गेलेली पोटे टप्प करून बाहेर आली. झाकणाच्या मधोमध हवेसाठी जो छोटा स्क्रू असतो, तो घट्ट बंद होता. आदल्या संध्याकाळी टाकी गाडीच्या डिकीतून नेताना पेट्रोलची वाफ बाहेर येऊ नये म्हणून मीच तो बंद केला होता. ते बरोबरच होते. पाण्यात उतरताना तो उघडायचा असतो, ते माझ्याकडून राहून गेले. चाचांनी स्क्रू उघडला, बल्ब टणक होईपर्यंत दाबला, आणि तिसऱ्या दोरीला इंजिन सुरू झाले. ते मला काहीही बोलले नाहीत. चहाचा कप उचलला आणि उरलेला गार चहा पिऊन टाकला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हवेचा दाब हा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी गोडेतेलाचा डबा वर्गात नेतो. डब्याला एकच भोक पाडले तर तेल गुळगुळ करीत अडखळते, आणि समोरच्या बाजूला दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते, हे मुले डोळे विस्फारून पाहतात. तेल बाहेर यायचे असेल तर तितकीच हवा आत जायला हवी. इंजिनाच्या टाकीतही याहून वेगळे काही घडत नाही. पेट्रोल ओढले जाते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत पोकळी वाढत जाते, आणि शेवटी इंजिनाच्या छोट्याशा पंपापेक्षा त्या पोकळीची ओढ मोठी होते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वरती हवेला जागाच कमी असते, म्हणून हे लवकर घडते. पंधरा मिनिटे थांबल्यावर झाकणाच्या फटीतून थोडी हवा झिरपते, इंजिन पुन्हा चालू होते आणि माणसाला वाटते की दोष आपोआप गेला. मला हे सगळे ठाऊक होते. ज्ञान वर्गात होते आणि मी बोटीत होतो, एवढेच मला त्या दिवशी कळले, आणि ते कळणे फार कडू होते.

तरीही स्क्रू विसरल्याची टोचणी मी सहन करू शकलो असतो. विसरणे माणसाचे आहे, यादी करून लावली की थांबते. आता टाकीच्या झाकणाला लाल चिंधी बांधलेली आहे आणि चिंधी सुटल्याशिवाय कोणी दोरीला हात लावत नाही. सलत राहिला तो चाचांचा प्रश्न.

“कसे गेले?” हा प्रश्न आपल्याकडे इंजिनाला विचारत नाहीत, माणसाबद्दल विचारतात. नऊ वर्षांपूर्वी नाना, म्हणजे माझे वडील गेले, तेव्हा ओट्यावर सतरंजी टाकली होती आणि भेटायला येणारा प्रत्येक जण टोपी काढून बसला की थोड्या वेळाने हळूच हेच विचारायचा. मी नाशिकला होतो, नाना गावी, निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी. आईने जे सांगितले तेच मी प्रत्येकाला सांगत होतो: संध्याकाळी अंगणात बसले होते, पाणी मागितले, पाणी घेऊन येईपर्यंत मान कलली होती. दहाव्यापर्यंत हे मी इतक्यांदा सांगितले की ते मला स्वतः पाहिल्यासारखे वाटू लागले. पण मी पाहिले नव्हते. लोक हे का विचारतात, याचा तेव्हा मला राग यायचा. विचारून काय होणार आहे, असे वाटायचे. चाचांनी धरणाच्या काठावर तोच प्रश्न केला, तेव्हा तो राग आणि ते न-पाहिलेपण दोन्ही इतक्या वर्षांनी एकदम वर आले, आणि मी मान खाली घालून टाकीकडे पाहत राहिलो.

नानांना असा प्रश्न कोणी केला असता तर त्यांनी इंजिनाचे संपूर्ण आजारपण सांगितले असते. आमच्या विहिरीवर मंदगती ऑइल इंजिन होते, हँडल मारून सुरू करायचे. त्याचा ठक ठक ठक असा संथ आवाज रात्रभर मळ्यातून यायचा. कांद्याला पाणी भरायचे दिवस असले की नाना पडवीत झोपायचे आणि झोपेत त्यांचा एक कान विहिरीकडे असायचा. मध्यरात्री एकाएकी ते उठून बसत आणि म्हणत, “पाणी सोडलं.” मला काहीही वेगळे ऐकू आलेले नसायचे. आम्ही कंदील घेऊन जायचो आणि खरोखरच पाइपातून पाणी येत नसायचे, विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेत, फूटव्हॉल्व्हमध्ये, पाला अडकलेला असायचा. पंपाने पाणी सोडले की इंजिनावरचा भार जातो, ठोके किंचित जलद आणि हलके होतात. पाणी ओढताना जो ठोका जमिनीत शिरल्यासारखा येतो तो वरवर येऊ लागतो. हे मला आज समजते. तेव्हा मी दहावीत होतो, झोप मोडल्याचा वैताग असायचा, आणि नाना विचारायचे, “ऐकू येतंय का फरक?” मी हो म्हणायचो. खरे तर येत नव्हते.

त्या इंजिनाच्या डिझेलच्या टाकीच्या झाकणालाही सुईच्या टोकाएवढे भोक होते. ते धुळीने आणि तेलकट मळाने बुजायचे. नाना इंजिनाच्या खोपीच्या दाराला बाभळीचा एक लांब काटा खोचून ठेवत आणि हँडल मारायच्या आधी तो काटा त्या भोकातून फिरवत. हे त्यांनी मला कधी शिकवले नाही. करताना मी पाहत होतो, शेकडो वेळा.

जुलैपासून मी दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर चाचांच्या शेडवर जायला लागलो. पत्र्याचे शेड, शेजारी ग्रायंडरचा कर्कश आवाज, जमिनीवर तेलाचे काळे डाग, आणि कोपऱ्यात पाण्याने भरलेले दोनशे लिटरचे पिंप. त्या पिंपाला फळी ठोकून चाचा इंजिन अडकवतात आणि चालू करतात. निळा धूर पत्र्याखाली साचतो, जळलेल्या तेलाचा गोडसर वास कपड्यांना दिवसभर राहतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवले आणि म्हणाले, “आता मी काय करतो ते बघायचं नाही. ऐकायचं आणि सांगायचं.”

सर्वांत आधी त्यांनी चालत्या इंजिनाची एका प्लगची टोपी काढली. दोन सिलिंडरचे इंजिन एकावर आले. ते बंद पडले नाही, पण चाल बिघडली. एका पायाने लंगडणाऱ्या बैलासारखा ठोका पडू लागला आणि स्टुलाच्या पायांतून थरथर माझ्यापर्यंत पोचली. पाण्यावर असे झाले तर बोट चालते, पण अर्धी ताकद एकदम गेलेली असते, आणि नवखा माणूस पेट्रोल शोधत बसतो. चाचांची पद्धत उलटी आहे: लाकडी मुठीच्या चिमट्याने एकेका प्लगची टोपी काढून पाहायची. जी काढल्यावर आवाजात फरक पडतो तो सिलिंडर जिवंत, जी काढूनही आवाज तसाच राहतो तो सिलिंडर आधीच मेलेला. मग त्याचा प्लग बघायचा. प्लगचे टोक चॉकलेटी असेल तर जळण ठीक, काळे आणि ओले असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त, पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी आणि उष्णता फार.

मग त्यांनी तारेचा संपर्क तोडला, आणि आवाज कापल्यासारखा थांबला. आधी काही नाही, नंतर काही नाही. “असं गेलं तर पेट्रोलला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “आधी मनगटाकडे बघायचं.” हँडलवर बसणाऱ्याच्या मनगटाला एक लाल दोरी असते आणि तिचे दुसरे टोक इंजिनावरच्या बटणात अडकवलेले असते, माणूस पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबते, म्हणजे फिरता पंखा त्याच्या अंगावर येत नाही. पुरातून माणसे बोटीत घेताना कोणाचा तरी हात, पिशवी, लेकराचा पाय त्या दोरीत अडकतो, चाप निसटतो, आणि अगदी निरोगी इंजिन मेल्यासारखे गप्प होते. त्यावर उपाय म्हणून दोरीच काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. चाचा अशा माणसाला हँडलवर बसू देत नाहीत, आणि या एका बाबतीत मी त्यांना आवाज चढवताना ऐकले आहे.

तिसऱ्या खेपेस मात्र मी चुकलो. आवाज एकसारखा चालला होता, मग तो वाढला. इंजिन एकाएकी मोकळे, जोमदार वाटले, जणू कोणी गती दिली. मी म्हणालो, “तुम्ही थ्रॉटल वाढवलं.” तेवढ्यात ते आचका देऊन बसले, सावरले, पुन्हा आचका दिला आणि गेले. मी वळून पाहिले तर चाचांनी पेट्रोलची नळी काढून हातात धरली होती. पेट्रोल संपत येते तेव्हा पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या कार्बोरेटरमध्ये हवेचे प्रमाण वाढते, मिश्रण पातळ होते, आणि बंद पडण्याआधी काही क्षण इंजिन उलट जास्त फिरते. समईतले तेल संपताना ज्योत मोठी होते, तसे. चार वेळा त्यांनी ते मला ऐकवले आणि चौथ्या वेळी मला ती वाढ वाढ म्हणून नव्हे, तर जाण्याची सुरुवात म्हणून ऐकू आली. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, कारण मला धरणावरची ती सकाळ आठवली: बंद पडण्याच्या जरा आधी मी मनात म्हटले होते, आज काय छान चालले आहे. हे खरेच आठवले, की कळल्यानंतर माझ्या मनाने ते रचले, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

पेट्रोलच्या वाटेवरचा दोष नेमका कुठे आहे हे तो रबरी बल्ब सांगतो, आणि पुढचे दोन शनिवार केवळ त्या बल्बवर गेले. बल्ब चपटा पडला तर अडथळा टाकीच्या बाजूला: बंद स्क्रू, टाकीच्या तळाशी कचरा, बोटीत कोणाच्या तरी पायाखाली दबलेली नळी. बल्ब कितीही दाबला तरी टणक होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे; जुनी नळी वाकवून पाहायची, जोडाची रबरी रिंग बोटाने चाचपायची. आणि इंजिन मलूल झाल्यावर बल्ब हाताने दाबत राहिले की ते तग धरत असेल, तर इंजिनावरचा पंपच दुबळा झाला आहे. अशा वेळी एकाने हँडल धरायचे आणि दुसऱ्याने काठापर्यंत बल्ब दाबत राहायचे. चाचा सांगतात, बंदरात त्यांनी होड्या अशा घरी येताना पाहिल्या आहेत.

एका शनिवारी त्यांनी गेल्या पावसाळ्यापासून टाकीत राहिलेले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतले आणि बरणी खिडकीत ठेवली. आम्ही चहा पिऊन आलो तेव्हा बरणीच्या तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर दिसत होता. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी धरते, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की दोघे मिळून पेट्रोलपासून सुटे होऊन तळाशी बसतात. टाकीतली नळी तळाशीच असते, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. दोन स्ट्रोकच्या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, आमच्याकडे लिटरला २० मिलिलिटर. ते त्या तळच्या थरात जात नाही, त्यामुळे इंजिन नुसते बंद पडत नाही, कोरडेही चालते. वर्षभर बंद खोलीत उभ्या राहणाऱ्या बचावाच्या बोटीला हा धोका सगळ्यात जास्त. ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी तिच्या टाकीत सगळ्यात जुने पेट्रोल असते. हे ऐकल्यापासून आम्ही टाक्या रिकाम्या ठेवतो आणि पावसाळ्यात ताजे पेट्रोल आणतो.

थंडाव्याची गोष्ट निराळी, कारण ते मरण हळू येते. इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. खालच्या जाळीतून रबरी पात्यांचा इम्पेलर पाणी वर चढवतो आणि इंजिनाभोवती फिरवून सोडतो. ती धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, आवाजात कोरडी खरखर आली, रंग तापल्याचा वास आला, की ताकद उतरू लागते. चार स्ट्रोकची नवी इंजिने अशा वेळी शिट्टी वाजवून स्वतःच गती खाली आणतात. ते त्यांचे शहाणपण आहे, बिघाड नव्हे. आमचे जुने इंजिन तसे काही करत नाही, ते जळून जाते. चाचांनी मला एक काढलेला इम्पेलर दिला आहे, तो माझ्या टेबलावर असतो. त्याची पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली आहेत आणि कडा गाळाने खाल्ल्या आहेत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा गोदावरीच्या पुराचे गढूळ पाणी इम्पेलरला जास्त खाते, असे चाचांचे मत आहे, आणि त्या कडांवरून बोट फिरवले की ते पटते.

नाशिकचा म्हणून एक भाग यात आहे आणि तो मला फार आवडला. चाचा पहिल्यांदा इथे आले तेव्हा बंदरात नीट बसवलेले एक इंजिन त्यांनी गंगापूरच्या पाण्यात उतरवले आणि त्यांना ते आजारी वाटले. प्लग बदलले, कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोके, साफ केले, तरी तो कोकणातला जोर येईना. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत. हवा तितकी विरळ, आणि कार्बोरेटरच्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी उतरते. २५ अश्वशक्तीतले दीड इथे घाट चढतानाच सांडलेले असतात. “मशीन आजारी नव्हतं, मास्तर. मीच या हवेला नवा होतो,” ते म्हणाले. त्यांनी कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पंखा लावला आणि इंजिन मोकळे झाले. जे कायमचे थोडे कमी आहे त्याला बिघाड समजायचे नाही, आणि जे आज एकदम कमी झाले त्याला हवामान समजून सोडायचे नाही, हा फरक ओळखायला त्यांना एक पावसाळा लागला.

हे सारे शांत पिंपात शिकता येते. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या निफाड तालुक्यातल्या सायखेड्याला पाण्याचा आवाजच इतका होता की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावे लागे. नाशकात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले यावरून पूर मोजतात. तो बुडाल्याची बातमी आली की खाली चांदोरी-सायखेड्याला घरे आवरायला लागतात. त्या दिवशी माझे काका-काकू दुसऱ्यांच्या बोटीतून बाहेर आले. ती बोट मध्येच मंदावली होती. इंजिन गरगरत होते, आवाज चढला होता, आणि बोट जागची हलत नव्हती. मी काठावरून पाहत होतो आणि मला एवढेच कळत होते की इंजिन चालू आहे, म्हणजे ठीक आहे. आज मला वाटते की पंख्याच्या मध्यातला रबरी बुश सुटला असावा, किंवा पाणवेलीचा गुंता बसून पंख्याला पाणी धरता येत नसावे. आवाज वाढला, काम थांबले: नानांच्या भाषेत पाणी सोडले. त्या बोटीवरच्या माणसाने ते ओळखले होते. त्याने इंजिन थांबवले, साथीदाराने वल्ह्याने बोटीचे तोंड प्रवाहाकडे धरले, इंजिन वर उचलून पंख्याला गुंडाळलेले काही तरी लांब, हिरवे आणि कापडासारखे ओढून काढले आणि ते पुन्हा निघाले. सगळे मिळून दोन मिनिटे. काकू नंतर म्हणाली, तो पोरगा अजिबात घाबरला नाही. मला वाटते तो घाबरला असेल, पण त्याला ऐकू येत होते.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा विहिरीवर गेलो. तिथे आता विजेची मोटार आहे, ऑइल इंजिन नाना गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी भंगारात दिले. तेव्हा मीच पुढे होऊन भाव ठरवला होता. खोपी उभी आहे, तिच्यात द्राक्षबागेच्या फवारणीची पिंपे ठेवलेली असतात. दाराच्या फळीत मी बराच वेळ काटा शोधला. भोके पुष्कळ होती, वाळवीची आणि खिळ्यांची. काटा नव्हता, आणि इतकी वर्षे तो असेल असे मला का वाटले, तेही कळेना.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. इंजिन कधीही बिघडले, की सुरू करायच्या आधी, दोरीला हात लावायच्या आधी, ते कसे गेले हे लिहायचे, असा गटात नियम केला आहे. बोट सुरक्षित करायची, वल्ही हातात घ्यायची, आणि मग हँडलवरच्या माणसाने जे ऐकले, जे हाताला लागले, जे नाकाला आले ते मोठ्याने सांगायचे. दुसऱ्याने लक्षात ठेवायचे. सुरुवातीला मुलांना संकोच वाटायचा. आता ती एकमेकांचे खोडून काढतात: आचका दोनदा नाही, तीनदा होता.

या वर्षीच्या सरावातली शेवटची नोंद परवाची आहे. “बाविसाव्या मिनिटाला, पाऊण गतीवर. एकदम जोर गेला, बंद पडले नाही. आवाज लंगडा. हँडलला थरथर. बल्ब टणक, झाकण उघडल्यावर आवाज नाही. पाण्याची धार चांगली. दहा मिनिटे थांबल्यावर ठीक, मग चौदा मिनिटांनी पुन्हा तसेच.” चाचा सध्या मुलीकडे रत्नागिरीला आहेत. मी फोनवर ही नोंद वाचून दाखवली. त्यांनी मध्ये एकही शब्द काढला नाही. प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी, तापल्यावर दगा देणारी आणि गार झाल्यावर सुधारणारी कॉइल असावी असे मला वाटत होते, पण मी ते बोललो नाही. त्यांनी विचारले, “वरच्या सिलिंडरचं की खालच्या?” ते आम्ही पाहिले नव्हते. “मग चालू कर आणि फोन जवळ धर,” ते म्हणाले. मी इंजिन पिंपात सुरू केले, ते तापेपर्यंत वीस मिनिटे आम्ही दोघे काही न बोलता थांबलो, आणि आवाज लंगडू लागल्यावर मी फोन त्याच्याजवळ नेला. पलीकडून आधी काहीच आले नाही. मग ते म्हणाले, “पुन्हा एकदा. अजून जवळ.”